डोणवाडीचा कचरा डेपो

बहात्तरच्या दुष्काळात डोणवाडीच्या माळावर खडी फोडायचं सरकारी काम निघालं होतं. गावातली झाडून सगळी माणसं त्या कामावर गेली. सुरुंग लावून दगड उडवायचे, घणानं फोडायचे आणि खडीचे ढीग रचायचे. पुढं पाऊस झाला, काम थांबलं, खडी कुठल्याशा रस्त्यावर गेली, आणि माळावर एक भला मोठा खड्डा राहिला. गाव त्याला खाण म्हणायला लागलं. पावसाळ्यात ती पाण्यानं भरायची. म्हशी तिच्यात डुंबायच्या, बेडकं कडेला बसून ओरडायची. यापलीकडं तिचा कुणाला उपयोग नव्हता आणि त्रासही नव्हता.

दोन वर्षांनी ती खाण तालुक्याच्या नगरपालिकेला आवडली.

ही गोष्ट गावाला सांगायला नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक सुकुमार उपाध्ये सायकलवरून आले. तरुण माणूस. पांढरी पँट, पांढरा सदरा, आणि पँटीला सायकलची चेन लागू नये म्हणून घोट्याजवळ लावलेली लोखंडी क्लिप. ती क्लिप काढायची त्यांना आठवण राहिली नाही, त्यामुळं सबंध भाषणभर त्यांचा एक पाय धोतर नेसल्यासारखा आणि एक पाय साहेबासारखा दिसत होता.

चावडीपुढच्या पारावर त्यांनी नकाशा पसरला.

"शहरातला कचरा इथं आणायचा," ते म्हणाले. "खाणीत एक थर कचऱ्याचा, एक थर मातीचा, असं रचत जायचं. काही महिन्यांत त्याचं काळंभोर खत होतं. बाटल्या, पत्रा, चिंध्या, कागद आधीच वेगळे काढायचे. त्यासाठी शेजारी शेड बांधू. तो माल सांगलीचे व्यापारी घेऊन जातील. म्हणजे वाया काहीच जात नाही. ही शास्त्रीय पद्धत आहे."

शास्त्रीय म्हटल्यावर सगळ्यांनी नकाशाकडं जरा आदरानं बघितलं. सरपंच आकाराम यांनी मान डोलावली. आकारामबापूंचा स्वभावच असा होता, की जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं.

"वास येनार न्हाई व्हय?" बनुबाईनं विचारलं. बनुबाई म्हातारी होती आणि तिचं नाक गावात प्रसिद्ध होतं. कुणाच्या घरात डाळ करपली ते ती चार घरं सोडून सांगायची.

"नाही. वर माती असते ना."

"आन माश्या?"

"माश्या होणार नाहीत. झाल्याच, तर पावडर मारू."

यावर पायगोंडा पाटील उठले. पायगोंडा म्हणजे जैन बागायतदार. उसाचा मळा, स्वच्छ विहीर आणि स्वभाव असा, की बैलाच्या पाठीवरची गोमाशीसुद्धा फुंकर मारून उडवायचे.

"म्हंजे बगा," ते म्हणाले, "आदी माश्या जल्माला घालायच्या, आन मग त्या मारायच्या. ह्ये पाप कुनाच्या माथी? कचरा टाकनाऱ्याच्या का पावडर मारनाऱ्याच्या?"

सुकुमार स्वतःही जैन होते. त्यांचा चेहरा पडला. शिवाय ते पायगोंडांच्या बायकोचे, चंदनबालाचे, सख्खे मावसभाऊ होते.

"दाजी, तुम्ही तरी असं विचारू नका," ते हळू आवाजात म्हणाले.

"बरं, माश्यांचं ऱ्हाऊंद्या. माजी हीर खाणीच्या खालच्या अंगाला हाय. कचऱ्याचं पाणी झिरपून तिच्यात आलं तर?"

"तसं होणार नाही. खाणीच्या तळाला अखंड कातळ आहे, नकाशातच लिहिलंय. खाणीतलं पाणी खाणीतच राहणार."

त्या कातळाला सुरुंग लावलेली माणसं समोरच बसली होती. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, पण कातळ अखंड आहे हे नकाशातच लिहिलंय म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ठैरो."

हे लालासाहेब सुभेदार. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली होती. फौजेत ते रसद खात्यात होते, म्हणजे त्यांनी आयुष्यभर पीठ, तांदूळ आणि बटाटे मोजले होते. पण मिशा मात्र तोफखान्याच्या होत्या. गावात कुठलाही प्रश्न आला, की सुभेदार त्याला मोर्चा म्हणायचे आणि स्वतः त्याचे कमांडर व्हायचे.

"तुमी म्हंता वास न्हाई," सुभेदार म्हणाले. "आमी म्हंतो वास येनार. झगडा कशाला? आपन ट्रायल घिऊ. एक ट्रॉली कचरा पाठवा. खाणीच्या काठाला आठ दिवस मुरू द्या. मग वारा कुटनं येतोय ते बगून मानसं उभी करू. ज्येला वास येईल त्यो झेंडा वर करंल. फैसला."

सुकुमारना ही कल्पना एकदम पसंत पडली. शहरातला एक ट्रॉली कचरा कमी होणार होता.

सभा संपली तेव्हा उन्हं कलायला लागली होती, आणि जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळायच्या आत सुकुमारना जेवायला हवं होतं. पायगोंडांनी त्यांना घरी नेलं. विरोधक असला तरी बायकोचा भाऊ होता. चंदनबालानं पाट मांडला, ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि तुपाची वाटी वाढली, आणि समोर बसून म्हणाली, "पोटभर खा. पर घाण माज्या हिरीच्या अंगाला आनलीस, तर पुढल्या खेपंला पाट मांडीन, ताट मांडनार न्हाई."

"आक्का, अगं मी नोकर माणूस."

"नोकर हाईस म्हनून भाकरी तरी देतीया. नगराध्यक्ष असतास तर पाणीबी दिलं नसतं."

ट्रॉली ठरल्याप्रमाणं आली. खाणीच्या काठावर कचऱ्याचा चांगला डोंगर झाला. सुभेदारांनी त्याला प्रदक्षिणा घातली, काठीनं दोन-चार ठिकाणी टोचून बघितलं आणि "माल अच्छा है" असा शेरा दिला. बटाट्यांच्या पोत्यांना ते असाच शेरा द्यायचे.

पहिल्या दिवशी गावातली माणसं नुसतीच बघायला गेली. शहरातली माणसं काय काय टाकतात याचं सगळ्यांना नवल वाटलं. धुळा धनगराला छत्रीचा सांगाडा दिसला. मेंढरामागं हिंडताना त्यावर घोंगडं टाकलं तर सावली होईल, म्हणून त्यानं तो उचलला. एक सांगाडा गेल्यानं ढिगाऱ्याला काय फरक पडतो? बायकांना रॉकेलसाठी बाटल्या हव्याच होत्या. हरणाबाईला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला, त्यावर कुठल्याशा राणीचं चित्र होतं. तो डबा बघितल्यावर बाकीच्या बायका जरा जास्त आत शिरून शोधायला लागल्या. अर्जुना नाभिकाला दाढीचा आरसा मिळाला. तडा गेलेला होता, पण तडा बरोबर मध्ये असल्यामुळं एका गिऱ्हाइकाला दोन दाढ्या केल्याचं समाधान मिळायचं. चिंध्यांच्या वाकळा शिवायला घेतल्या गेल्या. भाजीचे देठ आणि केळीच्या साली शेळ्यांनी खाल्ल्या, कागदसुद्धा त्यांनीच खाल्ले. राखेत थोडी चांगली राख होती, ती भांडी घासायला गेली. नारळाच्या करवंट्या चुलीत गेल्या.

ट्रायलच्या दिवशी सुकुमार आले. सुभेदारांनी माणसं पेरून ठेवली होती. देवळाजवळ एक, शाळेजवळ एक, ओढ्याच्या पुलावर एक. प्रत्येकाच्या हातात काठीला बांधलेला फडक्याचा झेंडा. मुख्य नाक म्हणून बनुबाईला सुभेदारांच्याच घराच्या कोपऱ्यावर उभं केलं होतं, कारण वारा तिकडं जात होता. सुभेदारांनी शिट्टी वाजवली.

बनुबाईचा झेंडा शिट्टी संपायच्या आत वर गेला.

सुभेदार आणि सुकुमार धावतच तिथं पोचले. "आला?" सुभेदारांनी विचारलं.

"आला की."

"लिवा साएब. कसला वास म्हातारे? कुजल्याचा?"

"कुजल्याचाच. तुमच्या परड्यातल्या उकिरड्याचा. दोन म्हैनं झालं, तुमच्या कारभारनीला, शालूबाईला सांगतीया, उकिरडा उपसा म्हनून."

शाळेजवळचा झेंडाही वर झाला होता. तिथं अर्जुना उभा होता. चौकशी केल्यावर कळलं, की त्याचा हात दुखायला लागला म्हणून त्यानं तो वर केला होता.

"म्हणजे खाणीकडचा वास कुणालाच आला नाही," सुकुमार आनंदानं म्हणाले. "चला, ढीग कसा मुरलाय ते तरी बघू."

सगळे माळावर गेले. ढीग नव्हता. जिथं डोंगर होता तिथं थोडी माती आणि डाव्या पायाचा एक बूट होता. बूट पायाला लावून बघत आकारामबापू म्हणाले, "उजवा कुटं घावला तर बगा, माप बरुबर माज्या पायाचं हाय."

सुभेदारांची मान शरमेनं खाली गेली. "फौजेत रसद अशी पळाली असती तर कोर्ट मार्शल झालं असतं," असं म्हणून त्यांनी घरोघर झडती घ्यायचं ठरवलं आणि सुरुवात आपल्याच घरापासून केली. ओसरीवर तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येकात शालूबाईनं शेवंतीचं रोप लावलं होतं. शालूबाई म्हणाली, "आवं, फेकूनच दिल्याली हुती की." सुभेदारांनी झडती तिथंच थांबवली.

सुकुमार मात्र भलतेच खूश झाले. शहरात ज्या कामाला शेड बांधून माणसं नेमायची, ते काम या गावानं आठ दिवसांत आपलं आपण केलं होतं. नगरपालिकेच्या सभेत त्यांनी सांगितलं, की डोणवाडीला वासाचा त्रास नाही आणि ग्रामस्थ कचऱ्यासाठी उत्सुक आहेत. सभेनं टाळ्या वाजवल्या. नगराध्यक्षांनी भूमिपूजनाचा दिवस ठरवून टाकला.

सुभेदार दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पायगोंडा त्यांच्याकडं आले. दोघं शेवंतीच्या डब्यांसमोर बसले.

"वासाचं जाऊंद्या सुभेदार," पायगोंडा म्हणाले. "वास काय डोळ्याला दिसत न्हाई. मला काळजी पाण्याची. पाणी आपलं दिसतं तरी."

"त्येबी कुटं दिसतंय? खाणीतलं पाणी कंचं आन हिरीतलं कंचं, वळकायचं कसं? पाण्याला काय रंग असतोय?"

दोघांची नजर समोरच्या शेवंतीवर गेली. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडं बघितलं.

"मंग दिऊ की रंग," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं माधवनगरला गेले. तिथल्या गिरण्यांच्या मागच्या गल्लीत पायगोंडांच्या ओळखीचा भाऊसो सूत रंगवायचं काम करायचा. त्याचा एक हात कोपरापर्यंत हिरवा होता आणि दुसरा गुलाबी. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "चिमूटभर गुलाबी न्या. पिंपभर पाण्याला पुरतोय."

"बेडकं मरतील का?" पायगोंडांनी विचारलं.

"कसली बेडकं?"

"खाणीतली. आनि मासं. मरनार असतील तर मला ह्यो रंग नगो."

"अण्णा, ह्यो रंग मी रोज जेवतोय," भाऊसो म्हणाला. "ह्याच हातानं भाकरी खातो." आणि खात्रीसाठी त्यानं जीभ काढून दाखवली. ती गुलाबी होती आणि भाऊसो तब्येतीनं दणकट होता. पायगोंडांचं समाधान झालं.

सुभेदारांचं झालं नाही. "चिमूट?" ते म्हणाले. "फौज चिमटीनं लढत न्हाई. डबा द्या."

डबा घेऊन ते गावात आले ते दोन्ही हात मनगटापर्यंत गुलाबी करूनच, कारण गाडीत झाकण घट्ट आहे की नाही हे त्यांनी सारखं तपासलं होतं. शालूबाईनं त्या हातांकडं बघितलं आणि शेवंतीला पाणी घालायला निघून गेली.

डबा खाणीत रिकामा केला, तेव्हा काठावर निम्मं गाव होतं. आधी पाण्यात एक ढग उठला. मग तो पसरत गेला आणि बघता बघता सबंध खाण लग्नातल्या सरबतासारखी झाली. म्हशी नेहमीप्रमाणं आत शिरल्या. त्या मुळातच काळ्या, त्यांच्यावर काही उमटलं नाही. पण त्यांच्या पाठीवर बसलेले बगळे पाण्यात उतरले आणि पोटापर्यंत गुलाबी होऊन वर आले. ते बगळे मग रानोमाळ हिंडले. शेजारच्या गावात काहीतरी नवा पक्षी आलाय अशी बातमी उठली. पायगोंडा मात्र कडेच्या दगडावर बसून राहिले होते. बऱ्याच वेळानं बेडकं ओरडायला लागली, तेव्हाच ते घरी जेवायला गेले.

यानंतर सुभेदारांनी रोज सकाळी काचेचा पेला घेऊन विहिरींची तपासणी सुरू केली. सोबत पायगोंडा आणि साक्षीदार म्हणून सरपंच. पाणी काढायचं, पेला उन्हात धरायचा.

"गुलाबी झाक हाय का?" सुभेदार विचारायचे.

"हाय की," आकारामबापू म्हणायचे.

"मला न्हाई दिसत," पायगोंडा म्हणायचे.

"व्हय, तसं बगाय गेलं तर न्हाई," आकारामबापू म्हणायचे.

एकदा तर पेला खरंच गुलाबी दिसला. सुभेदारांनी आरोळी ठोकून माणसं गोळा केली. मग कुणीतरी त्यांना पेला दुसऱ्याच्या हातात द्यायला सांगितलं, आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. पेल्यामागं सुभेदारांची बोटं होती.

खाणीतलं पाणी रोज खाली चाललं होतं हे मात्र खरं. ते कुठं चाललंय हे कुणाला कळेना. पायगोंडांची विहीर आरशासारखी लखलखत होती. गावातल्या एकाही विहिरीत रंगाचा थेंब नव्हता.

भूमिपूजन दोन दिवसांवर आलं, तेव्हा सुभेदार पायगोंडांच्या मळ्यात गेले आणि विहिरीच्या कडेला मोटेच्या धावेवर बसले. त्या दिवशी त्यांच्या मिशाही खाली आल्या होत्या.

"पायगोंडाअण्णा, आपन हारलो," ते म्हणाले. "कातळ अखंडच हाय. त्या पोराचं खरं हुतं. उगंच माज्या नादानं तुमची फरफट झाली."

"मी आपखुशीनं आलो," पायगोंडा म्हणाले. "हीर चांगली ऱ्हायली, ह्ये काय वंगाळ झालं का?" पण त्यांनाही वाईट वाटत होतं. चंदनबालानं दोघांना ताक दिलं. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हटल्यावर दोघांना आणखीच हरल्यासारखं वाटलं.

भूमिपूजनाच्या सकाळी गाव माळावर जमलं. आकारामबापूंनी पाहुण्यांसाठी हलगीवाला बोलावला होता. कुदळ, नारळ, हळदीकुंकू तयार होतं. सुभेदार सगळ्यांच्या मागं, खांदे पाडून उभे होते. लांबून नगरपालिकेची जीप धुरळा उडवत आली आणि थांबली. हलगी वाजायला लागली.

नगराध्यक्ष खाली उतरले. त्यांची टोपी गुलाबी होती. सदरा गुलाबी होता. धोतरही गुलाबी होतं. त्यांच्या मागून तीन नगरसेवक उतरले, तेही टोपीपासून धोतरापर्यंत गुलाबी. शेवटी सुकुमार उतरले. पँट फिकट गुलाबी, सदरा जरा जास्त गुलाबी, आणि पायाला क्लिप.

हलगी आपोआप बंद पडली. बनुबाई पुढं झाली, तिनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "ज्योतिबाला जाऊन आलासा व्हय? गुलाल लय खेळलासा वाटतं."

"आम्ही कुठंही गेलो नाही," नगराध्यक्ष तुटकपणे म्हणाले. "धोब्यानं घोळ घातलाय."

"साहेब, माझे कपडे घरीच धुतात," एक नगरसेवक म्हणाले.

"नळाच्या पाण्याला थोडा रंग आहे चार दिवस झाले," सुकुमारनी खुलासा केला. "पाणी शुद्ध करायला तांबडं औषध टाकतात ना, ते कुणाकडून तरी जास्त पडलं असावं. साहेबांनी तसं दवंडी पिटून जाहीरही केलंय. पाणी पूर्वीपेक्षा जास्त शुद्ध आहे, निर्धास्त प्या."

"लोक भरपूर पितायत," नगराध्यक्ष म्हणाले. "मी स्वतः रोज तांब्याभर जास्त पितो. बोलताना सगळ्यांना पिऊन दाखवावं लागतं."

आता मागं उभे असलेले लालासाहेब सुभेदार हळूहळू सरळ व्हायला लागले. आधी खांदे वर आले, मग मान, मग मिशा. ते गर्दीतून वाट काढत पुढं आले आणि त्यांनी नगराध्यक्षांना फौजी सलाम ठोकला. तळहात गुलाबी होता.

"साएब," ते म्हणाले, "भूमिपूजनाच्या आदी भूमी तरी बगून घ्या."

त्यांनी सगळ्यांना खाणीच्या काठावर नेलं. तळाला कमरेइतकं गुलाबी पाणी शिल्लक होतं. कडेच्या दगडांवर पाणी उतरत गेल्याच्या गुलाबी रेघा होत्या. एक गुलाबी पोटाचा बगळा म्हशीच्या पाठीवरून या गुलाबी मंडळींकडं बघत होता.

सुकुमारच्या सगळ्यात आधी ध्यानात आलं. ते कातळाकडं, ओढ्याकडं आणि लांब नदीकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातला नकाशा काढला, उघडला आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिला.

"दाजी, हा रंग कुणी टाकला?"

"आमीच," पायगोंडा म्हणाले. "तू म्हनला हुतास न्हवं, खाणीतलं पाणी खाणीतच ऱ्हातंय? म्हनून बगितलं."

"काय चाललंय?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"साहेब, कातळाला भेग आहे. सुरुंगांनी पडली असणार. इथलं पाणी गावाच्या विहिरींना न लागता खालून जातं ते थेट नदीत, आपण शहराला पाणी उचलतो त्या जॅकवेलच्या वरच्या अंगाला निघतं." सुकुमारनी खाणीकडं बोट केलं. "म्हणजे इथं कचरा टाकला, तर त्याचं पाणी आपल्या नळाला येणार. शहराचा कचरा शहरालाच परत."

"वाया काईच जात न्हाई म्हनला हुता की," बनुबाई म्हणाली.

नगराध्यक्षांनी काठावरून खाली वाकून बघितलं. तांब्याभर जास्त प्यायलेल्या पाण्याचा ते हिशेब करत असावेत. "हे विषारी आहे का?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"अजाबात न्हाई," पायगोंडांनी धीर दिला. "मी रोज येऊन बगतोय. बेडकं ठणठणीत हायत."

नगराध्यक्षांना या उत्तरानं बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण गाव समोर उभं होतं, नारळ हातात होता आणि काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की जनतेच्या आरोग्याचा विचार करून या जागी कचरा डेपो करण्याचा बेत नगरपालिका स्वखुशीनं सोडत आहे. नारळ फोडला. हलगीवाल्यानं थांबलेल्या ठिकाणापासून पुढं वाजवायला सुरुवात केली. आकारामबापू म्हणाले की मला पहिल्यापासून हेच वाटत होतं.

शहराच्या नळाचा रंग पंधरा दिवसांत गेला. कपड्यांचा जायला दिवाळी उजाडली. काही लोकांनी तक्रार केली, की साधं पाणी आता तितकं गुणकारी लागत नाही.

कचरा मात्र कुठंतरी टाकायला हवाच होता. सुकुमारनी शहराच्या पलीकडं चिकण मातीची एक पड जमीन हेरली आणि या खेपेला आधी डोणवाडीला येऊन सुभेदारांना आणि पायगोंडांना बरोबर नेलं. खड्डा खणून पाणी भरलं, रंग टाकला. सुभेदार पुढं सरसावले होते, पण सुकुमारनी डबा स्वतःच्या हातातच ठेवला आणि चिमूटच टाकली. महिनाभर आसपासच्या विहिरी बघितल्या. कुठंच रंग उतरला नाही. डेपो तिथं झाला. वास काही सुटायचा राहिला नाही. वारा फिरला की तो नगरसेवकांच्या आळीत जायचा आणि ते सुकुमारना बोलावून रागं भरायचे. सुकुमार ऐकून घ्यायचे आणि वरचा मातीचा थर आणखी जाड करायला माणसं लावायचे. खत चांगलं निघायचं, अधूनमधून काचेचा तुकडा सापडायचा एवढंच.

सुभेदारांची कीर्ती पसरली. पेन्शनच्या कामाला ते साताऱ्याला जायचे, तिथं कचेरीबाहेर झाडाखाली निवृत्त फौजी बसलेले असायचे. सुभेदार त्यांना ही लढाई सांगायचे. दर खेपेला रंगाचे डबे वाढायचे आणि नदी जास्त लांबपर्यंत गुलाबी व्हायची. एकदा तर ती पार कृष्णेला मिळेपर्यंत गुलाबी होती. पायगोंडा कधी सोबत असले तर शेजारी बसून शांतपणे ऐकायचे.

असंच एकदा सांगून झाल्यावर पाचगणीकडच्या गावातला एक म्हातारा, फौजेतला निवृत्त नायक, पुढं आला. त्यांच्या गावाखालच्या घळीत बाजारपेठेचा कचरा टाकायचं घाटत होतं आणि घळीच्या तोंडाशीच गावाचा झरा होता.

"आमच्याकडं कुनी ऐकत न्हाई सुभेदार," तो म्हणाला. "तुमी याल का?"

सुभेदार उठून उभे राहिले. "पायगोंडाअण्णा," ते म्हणाले, "वाईची गाडी किती वाजता हाय?"

पायगोंडांनी वर सूर्याकडं बघितलं, गाडी पोचायला लागेल तेवढ्या वेळाचा अंदाज घेतला, मांडीवरची दशम्यांची पुरचुंडी सोडली आणि म्हणाले, "आदी इतंच खाऊन घिऊ. वाटंत दिवस मावळंल."